सोंडूरच्या टीचर

टीचरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या हरवल्या होत्या, आणि ते कबूल करायला तयार नव्हत्या.

सिडनीला जायच्या आधी आम्ही क्रेगीबर्नला राहायचो. तिथल्या आमच्या इस्टेटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, तेव्हा निम्मी घरं बांधून व्हायची होती. मी एका क्लिनिकमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायचे. पहाटेची शिफ्ट, त्यामुळे दुपारी दोनला मोकळी. त्या दिवशी घरी येताना कोपऱ्यावरच्या प्लेग्राउंडच्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. सुती साडी, वर मुलाचं असावं असं मोठं पफर जॅकेट, पायात मोजे आणि चपला. तासाभराने मी दूध आणायला निघाले तरी त्या तिथेच होत्या. गाडी थांबवून मी हिंदीत विचारलं, काही मदत हवी आहे का. त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्या पाहिल्या आणि सरळ मराठीत उत्तर दिलं.

"मदत नको. मी विचार करत्येय."

मग हळूहळू कळलं की त्या अकराला घरातून निघाल्या होत्या आणि चार वेळा त्याच प्लेग्राउंडपाशी येऊन पोचल्या होत्या. आमच्या इस्टेटमधले रस्ते वळत वळत स्वतःलाच येऊन मिळतात आणि घरं सगळी एका साच्यातली. करडी छपरं, करडी गॅरेजं. पण त्यांच्या मते चूक रस्त्यांची नव्हती.

"तीस वर्षं मुलांना शिकवलं, दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. परीक्षेत विचारलंसुद्धा. पायांना कुणी शिकवलं नाही बघ."

घराचा नंबर त्यांना पाठ होता, रस्त्याचं नाव नव्हतं. मुलाचं नाव प्रशांत म्हणाल्यावर मला हसू आलं. प्रशांत आमच्याच शेजारी राहायचा. मी त्यांना गाडीत बसवून दोन मिनिटांत दारात सोडलं. प्रशांत ऑफिसमधून धावत आला होता, चेहरा पांढराफटक. तो रागावला नाही. आईचे दोन्ही हात धरून म्हणाला, "आई, एकटी बाहेर नको जाऊस. प्लीज. बॅकयार्डमध्ये फीर हवं तेवढं." त्याच संध्याकाळी त्याने त्यांना आपला जुना फोन दिला, त्या कुठे आहेत ते त्याला दिसेल असा. पुढे तीन वर्षं त्या कधीही एकट्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत, एक दिवस सोडला तर.

त्यांचं नाव इंदिराबाई. पण सोंडूरच्या हायस्कुलात त्यांनी भूगोल शिकवला होता आणि अख्खं गाव त्यांना इंदूटीचर म्हणायचं, म्हणून मीही टीचरच म्हणू लागले. सोंडूर म्हणजे कर्नाटकात बळ्ळारीकडचं छोटं गाव. कानडीत संडूर, पण त्यांच्या घरात सोंडूरच म्हणायचे. तिथे पूर्वी एका मराठी सरदार घराण्याचं संस्थान होतं, त्यांच्याबरोबर गेलेली काही मराठी घरं तिथेच राहिली, त्यातलं हे एक. त्यांच्या मराठीला कानडीची फोडणी होती. "बघ की", "असू दे की", आणि एखादा विषय संपवायचा असला की "इरली बिडू", म्हणजे राहू दे.

त्यांची एक सवय होती. नवीन माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "तुझा उगम कुठला?" नदीला विचारावं तसं. मला विचारलं, मी सातारा म्हणाले. गटार दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं. तो निघाला लेबनॉनचा. मग तिथल्या डोंगरांवरचे देवदार, बर्फ, खाली समुद्र, असं त्या बोलत राहिल्या आणि तो पाइप हातात धरून ऐकत राहिला. जाताना म्हणाला, इथे येऊन पंधरा वर्षं झाली, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या आल्या होत्या नातीच्या बाळंतपणासाठी, सहा महिन्यांकरता. इरा जन्मली. सून मेघना नर्स, तिची शिफ्टची नोकरी. चाइल्डकेअरची वेटिंग लिस्ट लांबलचक. सहाचे बारा महिने झाले. व्हिसा संपत आला तेव्हा प्रशांतने तीन वर्षांचा दुसरा केला. फॉर्मवर सही त्यांनीच केली होती. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. घरात त्यांना काही कमी नव्हतं. ज्वारीचं पीठ शहराच्या दुसऱ्या टोकाहून, डँडेनॉन्गहून यायचं, कानडी चॅनल लावून दिलं होतं, वाढदिवसाला केक कापला जायचा. जायचा विषय निघाला की प्रत्येक वेळी काहीतरी खरंखुरं कारण असायचं. इराचे दात, मेघनाची परीक्षा, प्रशांतची बदललेली नोकरी. पासपोर्ट स्टडीतल्या ड्रॉवरमध्ये, सगळ्यांच्या पासपोर्टांबरोबर एका निळ्या फाइलमध्ये असायचा. प्रशांत फार व्यवस्थित माणूस.

दुपारी मी बऱ्याचदा त्यांच्याकडे जायचे. त्या वग्गरणी करायच्या. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी, वर डाळ्याचं कूट, बरोबर मिरचीची भजी. आम्ही मागच्या दारात पायरीवर बसून खायचो. चारी बाजूंना सहा फुटी लाकडी कुंपण, वर आभाळाचा चौकोन.

एकदा त्यांनी बॅकयार्डमधल्या मातीचा गोळा हातात घेऊन फोडला. "हा लाव्हाचा दगड आहे, ज्वालामुखीचं पठार. तुझ्या साताऱ्याची भावकी. माझं इथं काही नाही."

त्यांचा दगड लोखंडाचा. सोंडूर चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे, डोंगर लाल, त्यात लोखंड आणि मँगनीज. एक नदी, नारीहळ्ळ, एका खिंडीतून डोंगर कापून आत येते आणि दुसऱ्या खिंडीतून बाहेर पडते. खाणींच्या लॉऱ्या चालू झाल्या तेव्हा गावातले कपडे, झाडं, कुत्री, सगळं लाल झालं होतं. प्रशांत गावाबद्दल बोलायचा ते एवढंच. धूळ होती, नेटवर्क नव्हतं, एक खड्डा होता आणि त्यातून मी बाहेर पडलो. टीचर ऐकून घ्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, "डोंगराच्या आत पासष्ट वर्षं राहिले. कोंडलंय असं कधी वाटलं नाही. दोन खिंडी होत्या ना. गेले नाही ते वेगळं, पण होत्या."

गावाजवळच्या डोंगरावर कुमारस्वामीचं देऊळ आहे. त्याची गोष्ट त्या इराला सांगायच्या. कुमारस्वामी आईवर, पार्वतीवर, रुसून या डोंगरात येऊन राहिला. आई समजूत काढायला मागोमाग आली, तो ऐकेना. तेव्हा ती म्हणाली, माझं काही तुला नको ना, मग माझं दूध परत दे. त्याने ते तिथेच ओकून टाकलं. म्हणून त्या डोंगरात पांढरी माती सापडते आणि तीच विभूती म्हणून लोक कपाळाला लावतात. पूर्वी बायकांना त्याचं दर्शन घ्यायची परवानगी नव्हती. इरा म्हणाली, "Yuck, Aaji." मी विचारलं, मग समेट झाला की नाही. टीचर म्हणाल्या, "देवळं शेजारी शेजारी आहेत. पूजा दोघांची होते. तो तिच्याकडे बघत नाही."

आता सोमलीबाईंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशीच येतं.

सोमलीबाई लंबाणी समाजाच्या, गावाजवळच्या तांड्यावरच्या. शाळेत झाडलोट करायच्या. वर्ग सुरू असताना खिडकीबाहेर झाडू घेऊन उभ्या राहतात, हे टीचरांच्या लक्षात आलं आणि तिशीतल्या त्या बाईला त्यांनी अक्षरं शिकवली. पुढे टीचरांचे यजमान गेले, सोमलीबाईंना तर कुणीच नव्हतं, एक भाचा सोडून. त्या टीचरांकडे राहायला आल्या त्या बावीस वर्षं राहिल्या. दोघींनी मिळून प्रशांतला इंजिनिअरिंगला पाठवलं. आरशांचं भरतकाम केलेली एक चौकोनी पिशवी टीचरांच्या हाताशी नेहमी असायची. ती सोमलीबाईंनी शिवली होती. तिच्यात चष्मा, विक्स आणि एक छोटा अ‍ॅटलास.

रोज दुपारी बारा वाजता फोन. तिकडे सकाळचे साडेसहा-साडेसात. सोमलीबाईंना फोन नीट धरता यायचा नाही. कधी छत दिसायचं, कधी कोंबडी, कधी नुसता कान. दोघी कानडीत बोलायच्या. सुट्टीच्या दिवशी मी तिथे असायचे. मला कळायचं नाही, पण त्या वेळी टीचरांचा आवाज चढायचा, त्या भांडायच्या, हसायच्या. इतर कुणाशीच त्या असं बोलत नसत. सोमलीबाई एकच गोष्ट रोज विचारतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. कधी येतेस. आणि त्या रोज सांगायच्या, पुढच्या महिन्यात.

मे महिना संपता संपता सोमलीबाई विहिरीच्या पायरीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बळ्ळारीच्या दवाखान्यातून भाच्याने त्यांना घरी आणलं, टीचरांच्याच घरी, आणि फोनवर सांगितलं की त्या जेवत नाहीत, टीचरांना बोलवा म्हणतात. टीचरांनी प्रशांतला सांगितलं, मला जायचं आहे. मेघनाला तेव्हा सातवा महिना होता, दुसरं बाळ जुलैत यायचं होतं. तिच्या आईला येता येत नव्हतं, कारण पुण्यात तिचे वडील अंथरुणाला खिळलेले. प्रशांत म्हणाला, दोन महिने थांब, बाळ झालं की मी स्वतः घेऊन जातो. आणि म्हणाला, तिच्यासाठी बाई ठेवू, नर्स ठेवू, सगळं करू. त्याने ते केलंही.

जूनमधल्या एका दुपारी माझी बेल वाजली. दारात टीचर. हिरवी सिल्कची साडी, जॅकेट, हातात ती पिशवी. त्या एकट्या आल्या होत्या. इरा बालवाडीत होती, मेघना झोपली होती. आत येऊन त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, पिशवीतून पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुझ्या कॉम्प्युटरवर तिकीट काढायचं. उद्याचं. आणि विमानतळावर तू सोडायचंस."

मी विचारलं, प्रशांतला सांगितलं का.

"त्याला पोचल्यावर सांगते. विचारलं की तो 'नाही' म्हणत नाही, 'नंतर' म्हणतो."

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. पण लॅपटॉप बंद पडलाय, संध्याकाळी निखिल, म्हणजे माझा नवरा, आला की काढू, असं सांगितलं. लॅपटॉप आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्या गेल्यावर मी हिशोब करत बसले. वय एकोणसत्तर, ब्लडप्रेशर, सिंगापूरला विमान बदलायचं, इंग्रजी अडखळतं, मेघनाला आठवा लागलेला. रस्त्यात काही झालं तर काय. चारच्या सुमाराला मी प्रशांतला मेसेज केला. त्यात मी लिहिलं होतं, डोंट बी अपसेट विथ हर.

तो अपसेट झाला नाही. लवकर घरी आला. त्यांच्या घराच्या खिडकीतून मला दोघं किचनच्या टेबलाशी बसलेली दिसत होती. मग त्याने पासपोर्ट उचलला. नंतर त्यानेच मला सांगितलं की तो एवढंच म्हणाला, आई, माझ्याकडे राहू दे, तुझ्याकडून हरवेल. आणि मला म्हणाला, थँक्स, मेट. यू सेव्ह्ड अस.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे जायचं धैर्य होईना. चौथ्या दिवशी मला सुट्टी होती, त्यांनीच कुंपणापलीकडून हाक मारली, वग्गरणी केलीय, ये. मी गेले. बारा वाजता फोन आला तेव्हा त्या उठून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

जुलैत मुलगा झाला. बाळंतपण नीट पार पडलं. टीचरांनी मेथीचे लाडू केले, डिंकाचे केले, बाळाला रोज तेल लावून पायावर घेऊन आंघोळ घालू लागल्या. मेघना मला म्हणाली, आई नसत्या तर मी मेले असते. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, तीस माणसं बोलावली.

बाळ नऊ दिवसांचं होतं तेव्हा सोमलीबाई गेल्या.

फोन बाराऐवजी अकराला आला. त्या दिवशी मला सुट्टी होती, मी तिथेच टॉवेल धरून उभी होते. बाळ टीचरांच्या पायांवर. भाचा स्पीकरवर दोन वाक्यं बोलला. टीचर "हौदू", म्हणजे हो, एवढंच म्हणाल्या, मला खुणेने फोन बंद करायला सांगितलं आणि बाळाच्या पाठीवर पाणी ओतत राहिल्या. आंघोळ पुरी केली. धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, मेघनाच्या हातात दिलं. मग बाथरूममध्ये जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन प्रशांतच्या स्टडीच्या दारात उभ्या राहिल्या. तो घरूनच काम करत होता, कानाला हेडफोन.

"बारसं पुढं ढकल. मला सुतक आहे."

प्रशांतने हेडफोन काढला. काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो उठला, त्याचे डोळे भरून आले, कारण सोमलीबाईंनी त्यालाही लहानाचं मोठं केलं होतं. पण तो म्हणाला, "आई, अगं, ती आपली नात्याची कुठे होती?"

"तुझी नसेल. माझी होती."

तेरा दिवस, असं त्यांनी सांगितलं. तेरा दिवस त्या कशालाही शिवणार नव्हत्या. चुलीला नाही, पाळण्याला नाही, देवाला नाही. मागच्या बाजूला कपडे वाळत घालायची एक छोटी खोली होती, तिथे त्यांनी सतरंजी टाकली.

लोक शोकात कसे रडतात, कोसळतात, ते मी पाहिलेलं आहे. टीचरांनी यातलं काही केलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या. आणि त्या बसल्याबरोबर ते घर थांबलं. बाळ रडायचं, इरा रडायची, सिंकमध्ये भांडी, प्रशांत एका हाताने मीटिंग करतोय आणि दुसऱ्या हातात बाटली. मेघनाचे टाके ओले होते. मी शिफ्ट संपली की जाऊन जमेल तेवढं करायचे. टीचरांना डबा मीच न्यायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं, सुतकात माझ्या हातचं चालेल ना. त्या म्हणाल्या, "सोमलीच्या हातचं बावीस वर्षं खाल्लं. माझ्या जावा माझ्याकडं पाणी प्यायच्या नाहीत त्यापायी."

इरा दाराशी येऊन उभी राहायची. "Aaji, are you in time-out?" तिने एकदा विचारलं. टीचरांनी मला अर्थ विचारला. मस्ती केली की मुलांना एकटं बसवून ठेवतात ती शिक्षा, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, हो अशी.

पाचव्या दिवशी मेघना बाळाला घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसली. आत गेली नाही. तिथेच बाळाला पाजलं. मग मेघना म्हणाली, "मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, जाऊ दे म्हणून. मला भीती वाटली." टीचर म्हणाल्या, पाठ टेकून बस, पाठ दुखेल.

त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं भांडण झालं. आवाज आमच्या घरापर्यंत आला, शब्द नाहीत.

तेराव्या दिवशी टीचरांनी स्वतःच गोडाचं केलं. नात्याबाहेरच्या सुतकाच्या तेराव्याला कुणाला जेवायला बोलवायचं याचा काही नियम नव्हता, म्हणून मला आणि निखिलला बोलावलं. जेवणं झाल्यावर प्रशांतने निळी फाइल आणली, पासपोर्ट काढून आईच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "कधीचं तिकीट काढू सांग. उद्याचं म्हणालीस तरी काढतो." तो रडत होता. खोटं रडत नव्हता.

टीचरांनी पासपोर्ट उघडला, आपल्या फोटोकडे थोडा वेळ पाहिलं, मिटला.

"आता कुणाकडं जाऊ?" त्या म्हणाल्या, आणि मग, "इरली बिडू."

बाळ आत उठलं होतं. त्या हात धुऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळं आधीसारखं सुरू झालं. बारसं झालं, तीस माणसं आली. पासपोर्ट आता त्यांच्या भरतकामाच्या पिशवीत असायचा, अ‍ॅटलासजवळ. घरावर तिकडे कुलूप लागलं. दुपारी बारा वाजता त्या काही वेळ फोनकडे बघायच्या, मग बाळाचे कपडे वाळत घालायला जायच्या. प्रशांत आता त्यांना एकटीने फिरायला जा म्हणायचा, बसचं कार्ड काढून दिलं होतं. त्या गेल्या नाहीत. मी म्हणायचे, चला, मी येते. त्या म्हणायच्या, वारा फार आहे.

नोव्हेंबरात निखिलला सिडनीला नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या गिरावीन भागात राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सामान भरलेली गाडी त्यांच्या ड्राइव्हवेपाशी थांबवून मी निरोप घ्यायला उतरले. त्या बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. मी वाकून नमस्कार केला. रस्त्यात मरे नदी लागेल, त्या म्हणाल्या, ती दोन राज्यांची सीमा आहे, पुलावरून नीट बघ. मी हो म्हणाले. मी वळले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तू प्रशांतला कळवलंस त्या दिवशी, ते माझ्या भल्यासाठीच ना?"

पाच महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर विचारावं तसं विचारलं. मला बरंच काही सांगायचं होतं. लॅपटॉप बंद नव्हता, हेही सांगायचं होतं. माझ्या तोंडून फक्त "हो" निघालं.

"तेच म्हणते मी," टीचर म्हणाल्या. "सगळ्यांनी माझ्या भल्याचंच केलं."

निखिलने गाडी सुरू केली. मी काच खाली करून मागे पाहिलं. बाळाचा चिमुकला हात त्यांनी आपल्या हातात धरला होता, आणि तो वर करून त्या मला टाटा करत होत्या. बाळाचाच हात. स्वतःचा त्यांनी हलवला नाही.